मलविसर्जनावरील ताबा सुटणे : कारणे, तपासण्या आणि उपचार

अमळनेरची लेक :
हा विषय आमच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून येथे मांडते आहे. माझी आई साठी ओलांडलेली आहे आणि धुळे जिल्ह्यातील आमच्या गावी वडील व भाऊ-भावजयीसोबत राहते. वर्षभरापासून तिला शौचाला लागली की धीर धरवत नाही आणि वाड्यामागच्या संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कधीकधी लुगडे खराब होते. काही वेळा तर तिला काही कळतही नाही. उठल्यावर डाग दिसतो, तेव्हाच लक्षात येते. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि आम्हा चारही भावंडांचा जन्म घरीच, दाईच्या हातून झाला.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही बहिणी माहेरी गेलो, तेव्हा ती आमच्याबरोबर जेवायला बसली नाही. बाहेर जायचे असले की आदल्या रात्रीपासून उपाशी राहते, लग्नकार्याला जात नाही, आणि कानबाईच्या जागराला तर घरच्या घरीसुद्धा मागच्या खोलीत बसून राहिली. विचारले तर म्हणते, "आते वय व्हई गयं, चालनारच." भावजय सगळे निमूटपणे धुते, पण तिच्याही चेहऱ्यावर ताण दिसतो.

माझे प्रश्न असे आहेत. हे खरोखर वयामुळेच होते का? कोणत्या डॉक्टरांकडे जावे? आणि उपचाराने फरक पडतो का?

पांझराकाठ :
ताई, मी शल्यचिकित्सक आहे आणि असे रुग्ण पाहतो. वय वाढले की स्नायू सैल पडतात हे खरे, पण केवळ वय झाले म्हणून हे सोसत राहावे, असे मुळीच नाही. प्रौढांमध्ये ही तक्रार बरीच आढळते. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण बारा प्रौढांमागे एकाला ती असल्याचे दिसले होते. आपल्याकडे लोक बोलत नाहीत, म्हणून ती दुर्मीळ वाटते.

शौच रोखून धरण्यासाठी शरीरात एकाहून अधिक व्यवस्था असतात आणि त्यांतली कोणती बिघडली आहे यावर सगळा उपचार ठरतो. गुदद्वाराभोवती दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला स्नायू आपल्या इच्छेशिवाय, अगदी झोपेतसुद्धा द्वार मिटलेले ठेवतो. बाहेरचा स्नायू आपल्या हुकमातला असतो. वायू सरेल किंवा शौच होईल असे वाटताच आपण जो आवळतो, तो हाच. याशिवाय ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून (जघनास्थीपासून) निघून गुदाशयाच्या मागून गोफणीसारखा वळसा घेणारा एक स्नायू तेथे कोन तयार करतो आणि त्यामुळे मल सहज खाली उतरत नाही. या सगळ्यांच्या जोडीला गुदाशय भरल्याची जाणीव देणाऱ्या नसा शाबूत असाव्या लागतात आणि मलही फार पातळ नसावा लागतो.

आता आईंच्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या करून पाहा. लागल्यावर थांबवता येत नाही, तेव्हा बहुधा बाहेरचा स्नायू कमकुवत असतो किंवा मल पातळ असतो. कळतच नाही आणि डाग पडतो, तेव्हा आतला स्नायू किंवा जाणिवेच्या नसा यांवर संशय जातो. घरी झालेल्या बाळंतपणात स्नायू फाटून तसाच राहिला असेल, तर तरुणपणी बाकीचे स्नायू ते सांभाळून घेतात आणि पाळी गेल्यानंतर काही वर्षांनी तक्रार वर येते. दीर्घकाळच्या मधुमेहाने नसांवर परिणाम होतो, तेही येथे लागू पडू शकते. म्हणजे एकाच व्यक्तीत दोन-तीन कारणे एकत्र असू शकतात.

तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी एका वहीत रोजची नोंद ठेवा. किती वाजता झाले, मल घट्ट होता की पातळ, आधी जाणीव झाली होती का, त्याआधी काय खाल्ले होते आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे दोन आठवडे लिहिले तरी निम्मे निदान होते.

हतनूर :
पांझराकाठ यांनी औषधांचा उल्लेख केला, त्यावर माझा अनुभव मांडतो. मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. मलाही मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळचा चहा-नाश्ता झाला की पोटात कळ येऊन पातळ होत असे आणि दोन वेळा तर बाजारातच फजिती झाली. आपल्याला आतड्याचा काही मोठा रोग जडला, असे मनाने घेतले होते. डॉक्टरांनी गोळी बदलून मेटफॉर्मिनचीच हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि ती जेवणासोबत घ्यायला सांगितली. त्यानंतर महिन्याभरात पातळ होणे थांबले आणि ताबाही परत आला. ताई, आईंची औषधांची चिठ्ठी जरूर तपासून घ्या. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, साखर वाढली की नसांचे नुकसान आणखी होते.

अमळनेरची लेक :
काका, आईलाही तीच गोळी चालू आहे. हे कधी कोणी जोडून पाहिलेच नव्हते. वही आजपासून सुरू करते. भावजयीला समजावून सांगितले आहे आणि तिनेच ती लिहायचे कबूल केले आहे.

सातपुडा परिचारिका :
मी चोपड्याकडच्या ग्रामीण भागात परिचारिका म्हणून काम करते. या धाग्यावर एक गोष्ट ठळकपणे यायला हवी, कारण तिच्यामुळे वृद्ध माणसांचे फार हाल होतात.

अंथरुणाला खिळलेले एखादे आजोबा असतात, पक्षाघात झालेला असतो किंवा मांडीचे हाड मोडलेले असते. घरचे सांगतात की यांना सारखे पातळ होते, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे कपड्यातच होते. मग मेडिकलवरून जुलाब थांबवण्याची गोळी आणून दिली जाते. प्रत्यक्षात पोटावर हात ठेवला की डाव्या बाजूला खाली घट्ट गोळा लागतो आणि डॉक्टरांनी बोट घालून तपासले की गुदाशय दगडासारख्या मलाने भरलेला आढळतो. त्या गोळ्याच्या बाजूने पातळ मल झिरपत असतो आणि घरच्यांना तो जुलाब वाटतो. अशा वेळी जुलाब थांबवण्याच्या गोळीने गोळा आणखी घट्ट होतो, पोट फुगते, लघवी अडते आणि माणूस बरळू लागतो. येथे उपाय उलट करावा लागतो. आधी एनिमा किंवा हाताने मल मोकळा करायचा आणि पुढे पुन्हा साचू नये म्हणून रोज सौम्य रेचक द्यायचे.

म्हणून वृद्ध किंवा अंथरुणावरच्या माणसाला पातळ होत असेल, तर गुदाशय भरलेला आहे की रिकामा, हे तपासल्याशिवाय थांबवण्याची गोळी देऊ नये. ही तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. तिला यंत्र लागत नाही, हातमोजा आणि थोडे जेल पुरते. संकोचामुळे ती करून घेण्याचे टाळले जाते आणि डॉक्टरही कधीकधी घाईत ती सोडून देतात. तेव्हा घरच्यांनी ती आपणहून मागावी.

गिरणाई :
मी एकोणतीस वर्षांची आहे. पहिल्या बाळंतपणात बाळ बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला आणि टाके पडले. टाके भरले, बाळ छान आहे, पण वायू रोखता येत नाही आणि पातळ झाले तर काही थेंब जातातच. सासूबाई म्हणतात की बाळंतपणानंतर असे होते, होईल ठीक. डिस्चार्ज कार्डावर "तिसऱ्या श्रेणीची फाट" असे लिहिले आहे. याचा अर्थ काय आणि पुढच्या बाळंतपणाचे काय करावे?

पांझराकाठ :
गिरणाई ताई, ते कार्ड नीट जपून ठेवा. पहिल्या श्रेणीत फक्त त्वचा फाटते, दुसऱ्या श्रेणीत योनी आणि गुदद्वाराच्या मधले स्नायू फाटतात, तिसऱ्या श्रेणीत फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत पोहोचते आणि चौथ्या श्रेणीत गुदाशयाचे आतले अस्तरही फाटते. चिमटा, पहिले बाळंतपण, मोठे बाळ आणि लांबलेल्या कळा यांमुळे अशी फाट होण्याचा धोका वाढतो. वेळीच नीट शिवलेल्या बहुतेक स्त्रियांना चांगला गुण येतो, पण तुम्हाला तक्रार उरली आहे, म्हणजे दाखवायलाच हवे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि गुदद्वाराच्या आतून होणारी सोनोग्राफी करता येईल का, हे विचारा. स्नायूचे वर्तुळ पूर्ण आहे की एका बाजूला तुटलेले आहे, हे त्यात स्पष्ट दिसते. पुढचे बाळंतपण नैसर्गिक व्हावे की सिझेरियन, याचा निर्णय त्या चित्रावर आणि तुमच्या तक्रारीवर ठरतो. म्हणून तो गरोदरपणाच्या सुरुवातीलाच चर्चेला घ्यावा, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

तोपर्यंत व्यायाम सुरू करा. वायू रोखून धरायचा आहे अशी कल्पना करून गुदद्वार आत आणि वर ओढून घ्यावे, पाच सेकंद धरावे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावे आणि असे दहा वेळा करावे. हे दिवसातून तीनदा करावे, जमू लागले की धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत वाढवावा आणि शेवटी काही झटपट आवळणीही कराव्यात. श्वास रोखू नये आणि पोट, मांड्या, नितंब ताठ करू नयेत. बऱ्याच स्त्रिया नितंब आवळतात आणि व्यायाम केला असे समजतात, त्यामुळे पहिल्यांदा ओटीपोटाच्या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून बरोबर होते आहे का, हे तपासून घ्यावे. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात आणि येथेच बहुतेक जणी कंटाळून सोडून देतात.

दोंडाईचा :
आहाराबद्दल कोणी सांगेल का? आमच्याकडे शेवभाजी, ठेचा आणि दिवसभर चहा यांशिवाय दिवस जात नाही.

हतनूर :
मला जे सांगण्यात आले ते असे. तिखटाने आतड्याची हालचाल वाढते आणि जळजळही होते, चहा-कॉफीनेही आतडे चाळवते, म्हणून बाहेर पडण्याच्या दिवशी ही दोन्ही कमी ठेवावीत. दुधाने पोट बिघडते का, हे काही दिवस दूध बंद करून पाहावे. मधुमेहींसाठीच्या बिनसाखरेच्या काही मिठाया आणि चघळण्याच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, त्यानेही पातळ होते. दादर ज्वारीची भाकरी, भात, केळे, ताक हे मला मानवले. पण माणसागणिक फरक असतो, म्हणून वहीवर विश्वास ठेवावा.

पांझराकाठ :
काकांनी बरोबर सांगितले. त्यात इसबगोलाची भर घालतो. बद्धकोष्ठाचे औषध म्हणूनच त्याची ओळख असली, तरी ते पाणी शोषून पातळ मलाला बांधते आणि घट्ट मलाला मऊ करते, म्हणून दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. एका चमच्याने सुरुवात करून आठवड्याने वाढवावे. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांचा गुदाशय मलाने तुंबलेला आहे, त्यांना मात्र ते देऊ नये. त्रास असलेल्या माणसाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. जेवल्यानंतर साधारण अर्ध्या तासात आतडे आपोआप हलते, म्हणून त्याच सुमारास, घाई नसताना, पाय टेकवून शांत बसण्याची सवय लावली तर गुदाशय रिकामा होतो आणि पुढचे काही तास निर्धास्त जातात.

मल सतत पातळच असेल, तुंबलेला नाही याची खात्री झालेली असेल आणि ताप किंवा रक्त नसेल, तर लोपेरामाइड हे औषध डॉक्टर देतात. ते आतड्याची गती कमी करते आणि आतल्या स्नायूचा ताणही थोडा वाढवते. कमी मात्रेने सुरुवात करून ते बाहेर जाण्याच्या किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. मनाने मात्रा वाढवू नये, कारण जास्त मात्रेत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. पित्ताशय काढल्यानंतर पातळ होऊ लागले असेल, तर वेगळे औषध लागते, तेव्हा ही माहिती आवर्जून सांगावी.

अमळनेरची लेक :
आईला दाखवून आणले. वही पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढी माहिती तपासणीच्या खोलीत कधीच मिळत नाही. नोंदींत असे दिसले की सकाळच्या गोळीनंतर दोन तासांत पातळ होत होते आणि नकळत डाग मात्र मुख्यतः दुपारी, झोपून उठल्यावर दिसत होता. बोटाने तपासल्यावर गुदाशय रिकामा होता आणि आवळण्याची ताकद पुढच्या बाजूला कमी लागली. मधुमेहाची गोळी बदलली आहे, इसबगोल सुरू केले आहे, फिजिओथेरपिस्टकडे पाठवले आहे आणि तीन महिन्यांनी फरक पाहून सोनोग्राफीचे ठरवायचे आहे. तेथे आई प्रथमच स्वतःच्या तोंडाने सगळे बोलली. मी बाहेर थांबले होते, कारण डॉक्टरीणबाईंनी तसे सुचवले.

आणखी एक बदल भावाने केला. संडास वाड्याच्या टोकाला आहे आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या खोलीला लागून कमोडची खुर्ची आणि हात धरायला लोखंडी दांडी बसवली. स्नायूंना जेवढे जमत नव्हते, तेवढे अंतर कमी झाल्याने आधीच थोडे सोपे झाले आहे.

सातपुडा परिचारिका :
हे वाचून फार बरे वाटले. त्वचेबद्दलही सांगते. मल लागून राहिल्याने कातडी लाल होते, सोलते आणि मग पाणीसुद्धा झोंबते. प्रत्येक वेळी कोमट साध्या पाण्याने धुवावे, घासू नये, मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम पातळ थराने लावावे. जंतुनाशक द्रव पाण्यात घालून धुण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने कातडी आणखी जळते. आपल्या उन्हाळ्यात प्लास्टिकचे अस्तर असलेले डायपर दिवसभर ठेवल्यास घामाने बुरशी येते, म्हणून घरी असताना सुती घडीचे कापड आणि प्रवासात पॅड असे आलटून पालटून वापरावे. एस.टी.ने जायचे झाल्यास पिशवीत एक जोड कपडे, पुसायला ओले कागदी रुमाल, घट्ट बंद होणारी पिशवी आणि पाण्याची बाटली असली, की मनावरचे निम्मे ओझे उतरते.

शाळेकडचा :
मी शिक्षक आहे. दुसरीतला एक मुलगा वर्गात चड्डीत करतो आणि मुले चिडवतात. पालक त्याला आळशी म्हणून मारतात. याच्याशी या विषयाचा संबंध आहे का?

सातपुडा परिचारिका :
थेट संबंध आहे, सर. मुलांमध्ये बहुतेक वेळा हे बद्धकोष्ठामुळेच होते. एकदा दुखले म्हणून मूल शौच रोखू लागते, मल साचतो, गुदाशय ताणून ताणून सैल होतो आणि जाणीव बोथट होते. मग पातळ मल झिरपतो आणि मुलाला ते खरोखर कळत नाही. मारून हे वाढते. बालरोगतज्ज्ञ आधी साचलेला मल मोकळा करतात आणि नंतर अनेक महिने मल मऊ ठेवणारे औषध देतात. लवकर बंद केले की पुन्हा तुंबते. तुम्ही शाळेत एवढे करावे की त्याला न विचारता उठून जाण्याची मुभा द्यावी आणि संडासाला कडी व पाणी आहे ना, हे पाहावे. घाण संडासामुळे दिवसभर रोखून धरणारी मुले कमी नाहीत.

दोंडाईचा :
औषध आणि व्यायामाने भागले नाही, तर शस्त्रक्रिया असते का? आमच्या नात्यातील एका गृहस्थांना मूळव्याधीच्या उपचारानंतर हा त्रास जडला आहे.

पांझराकाठ :
असते, पण ती पुढची पायरी आहे. त्याआधी बायोफीडबॅक करता येते. यात गुदद्वारात बारीक नळी ठेवून स्नायूचा दाब पडद्यावर दाखवतात आणि रुग्ण तो पाहत आवळणे व जाणीव ओळखणे शिकतो. स्नायू तुटलेला असेल, तर त्याची टोके एकमेकांवर आणून शिवतात. सुरुवातीला गुण चांगला येतो, मात्र वर्षे जातात तसा तो अनेकांत ओसरतो, हे आधीच सांगायला हवे. त्रिकास्थीतून (कण्याच्या तळाच्या हाडातून) बाहेर पडणाऱ्या नसेजवळ तार ठेवून छोट्या यंत्राने सौम्य विद्युतस्पंद देण्याची पद्धत जर्मनीतील शल्यविशारदांनी १९९५ मध्ये या तक्रारीसाठी प्रथम मांडली. आधी काही दिवस तात्पुरती तार लावून फरक पडतो का ते पाहतात आणि पडला तरच यंत्र कायमचे बसवतात. ते महाग आहे आणि मोठ्या शहरांतील मोजक्याच ठिकाणी होते. ज्यांचे जगणेच अडले आहे, त्यांच्यासाठी पोटावर मलमार्ग काढणे हाही विचारपूर्वक घेतलेला चांगला निर्णय ठरू शकतो.

तुमच्या नातेवाइकांबद्दल म्हणाल, तर मूळव्याध, भगंदर आणि चीर यांच्या शस्त्रक्रियांत कधीकधी स्नायूचा काही भाग कापावा लागतो आणि तो प्रमाणाबाहेर कापला गेला तर ताबा जातो. म्हणूनच रस्त्याकडेला पाटी लावून "विनाऑपरेशन मूळव्याध बरी" असे सांगत इंजेक्शन देणाऱ्या किंवा दाहक औषध लावणाऱ्यांकडे जाऊ नये, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. तेथे स्नायू जळून आकसतो किंवा नष्ट होतो आणि मग दुरुस्त करण्यासारखे फार थोडे उरते. त्या गृहस्थांनी आधीच्या उपचाराचे सगळे कागद घेऊन पोटविकार किंवा गुदविकारांच्या शल्यचिकित्सकांना भेटावे, गुदद्वाराचा दाब मोजण्याची तपासणी आणि सोनोग्राफी दोन्ही करून घ्यावे.

आणि एक सूचना सर्वांसाठी. ताबा अचानक, एका-दोन दिवसांत गेला, सोबत कंबर दुखते, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे, लघवी अडली आहे किंवा पायांत जोर नाही, तर वही लिहीत बसू नका. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याचे ते लक्षण असू शकते. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात जा. मलातून रक्त, कारणाशिवाय घटलेले वजन किंवा पन्नाशीनंतर नव्याने बदललेली शौचाची सवय असेल, तर इतकी धावपळ लागत नाही, पण आतड्याची दुर्बिणीची तपासणी लांबवू नका.

गिरणाई :
सोनोग्राफीची तारीख मिळाली आहे. कार्डाची झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी ठेवली. अहवाल आला की येथेच लिहीन.